शारीरिक शिक्षण, शालेय : कर्जत व खालापूर परिसर

खेळ, कवायत, व्यायाम व योगासने यांच्या द्वारा विद्यार्थ्याचे शरीर, मन आणि सामाजिक वर्तन घडविण्याचा शाळेतील पद्धतशीर प्रयत्न म्हणजे शालेय शारीरिक शिक्षण होय. व्यायाम व क्रीडास्पर्धा ही त्याची अंगे असली, तरी दोहोंपेक्षा त्याची व्याप्ती मोठी आहे. व्यायाम व्यक्तीपुरता असू शकतो आणि स्पर्धा निवडक खेळाडूंची असते. शारीरिक शिक्षण मात्र वर्गातील प्रत्येक मुलासाठी व मुलीसाठी असते, अशी त्यामागील मूळ भूमिका आहे. ही भूमिका महाराष्ट्रात कशी रुजली आणि ग्रामीण शाळेच्या प्रत्यक्ष जीवनात तिचे काय झाले, याचा विचार रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या संदर्भात येथे केला आहे. मुंबई व पुणे यांना जोडणारा बोरघाटाचा मार्ग याच तालुक्यांतून जातो. महाराष्ट्रातील शारीरिक शिक्षणाचा विचार मुख्यत्वे पुणे, बडोदे, अमरावती व लोणावळा येथे विकसित झाला, तर त्याविषयीची शासकीय धोरणे मुंबईत आखली गेली. या दोहोंच्या मधल्या प्रदेशात त्यांचा परिणाम कसा झाला, हे पाहणे उद्बोधक ठरते.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात शरीरसंवर्धनाची परंपरा शाळेपेक्षा फार जुनी आहे. तालमीतील कुस्ती, जोर, बैठका, मल्लखांब व दांडपट्टा हे तिचे एक अंग. हुतुतू, आट्यापाट्या, खोखो, लंगडी, सूरपारंब्या, विटीदांडू इ. मैदानी खेळ हे दुसरे. तालमीला वस्ताद लागे. मैदानी खेळ मुले मोठ्या मुलांकडून आपोआप शिकत. जुन्या गावठी (पंतोजींच्या) शाळेत या दोहोंनाही स्थान नव्हते. लेखन, वाचन, पाढे व हिशेब एवढ्यापुरतीच ती मर्यादित होती आणि खेळ म्हणजे शाळा सुटल्यानंतरची गोष्ट असे समजले जाई.

यूरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शारीरिक शिक्षण शाळेत येऊ लागले. जर्मनीत गुट्स मुट्स व यान यांनी, तर स्वीडनमध्ये लिंग यांनी व्यायामाच्या पद्धती बसविल्या. इंग्लंडमधील पब्लिक स्कूलमध्ये सांघिक खेळांना चारित्र्यशिक्षणाचे साधन मानले गेले. ब्रिटिश अमदानीत हे दोन्ही प्रवाह भारतात आले. १८८२ च्या हंटर आयोगाने देशी खेळ, व्यायाम व शालेय कवायत यांना प्रत्येक शाळेच्या परिस्थितीनुसार उत्तेजन द्यावे, अशी शिफारस केली. तीत देशी खेळांचा उल्लेख होता, ही बाब महत्त्वाची होय; तथापि व्यवहारात शहरी माध्यमिक शाळांतून इंग्रजी आज्ञांची कवायत व क्रिकेटसारखे खेळच प्रथम प्रचारात आले. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रास येथे वाय्. एम्. सी. ए. च्या विद्यमाने शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षण सुरू केल्यानंतर या विषयाला भारतात व्यावसायिक स्वरूप येऊ लागले.

देशी खेळांची पुनर्घटना : विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी देशी व्यायाम व खेळ यांना नियमबद्ध रूप दिले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ मध्ये खोखोचे नियम तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले [→ खोखो]. त्याच वर्षी अमरावतीस अनंत व अंबादास वैद्य या बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. बडोद्याचे राजरत्न माणिकराव यांनी सांघिक कवायतीत देशी भाषेतील आज्ञा रूढ केल्या. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. हुतुतूचे नियम प्रथम गावोगाव वेगवेगळे होते. संजीवनी, गामिनी व अमर असे त्याचे प्रकार प्रचलित होते. त्यांतून एकरूप खेळ घडविण्याचे प्रयत्न सातारा, बडोदे व पुणे येथे झाले आणि पुढे कबड्डी या नावाने तो राष्ट्रीय पातळीवर स्थिरावला [→ कबड्डी].

या नियमबद्धतेचा शाळेवर दूरगामी परिणाम झाला. अंगणातील व गल्लीतील खेळाला मोजमाप, पंच, गुणपद्धती व ठराविक खेळाडूसंख्या लाभल्याने तो शिकविता येऊ लागला आणि दोन शाळांमध्ये त्याची स्पर्धा घेणे शक्य झाले. शिवाय तो स्वस्त होता. पुरुषांच्या कबड्डीला तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद एवढी मऊ जमीन पुरते. खोखोला दोन खांब व आखणीसाठी फक्की लागते. लंगडीला तर आखलेल्या मैदानापलीकडे काहीच लागत नाही. ज्या शाळेला बॅट, नेट वा चेंडू विकत घेणे परवडत नव्हते, तिलाही शारीरिक शिक्षणाचा तास यामुळे घेता येऊ लागला. देशी खेळांचा पुरस्कार राष्ट्रीय भावनेतून झाला, हे खरे. परंतु ग्रामीण शाळेत ते टिकले ते मुख्यतः या काटकसरीमुळे.

लोणावळा व कांदिवली : माणिकरावांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये बोरघाटाच्या माथ्यावर लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. घाटाच्या पायथ्याशी खालापूर तालुक्यातील खोपोली आहे. योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासणे हे या संस्थेचे वैशिष्ट्य होते. योग हा एकांतातील साधनेचा विषय न राहता समूहाने करता येईल, अशा रीतीने त्याची मांडणी कुवलयानंदांनी केली. शालेय अभ्यासक्रमात आसने येण्याची पूर्वतयारी यामुळे झाली.

प्रांतिक स्वायत्ततेनंतर १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्या सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची शासकीय प्रशिक्षण संस्था सुरू झाली व पी. एम्. जोसेफ हे तिचे प्राचार्य झाले. तिच्यामुळे शाळेतील कवायतीचे स्वरूप पालटले. तोपर्यंत हे काम बहुधा निवृत्त लष्करी शिपायाकडे किंवा तालमीतील जाणत्याकडे असे. आता पदवी व प्रशिक्षण असलेला, शरीरशास्त्र व बालमानस यांची ओळख असलेला शिक्षक त्या जागी अपेक्षिला जाऊ लागला. शारीरिक शिक्षण हा शिक्षणाचाच भाग आहे, ही कल्पना शासकीय पातळीवर प्रथम येथे दृढ झाली. मात्र प्रशिक्षित शिक्षक मुख्यतः माध्यमिक शाळांना मिळाले. प्राथमिक शाळेत वर्गशिक्षकानेच सर्व विषयांसह हा विषयही शिकवावा, ही व्यवस्था कायम राहिली.

परिसर व त्याच्या मर्यादा : कर्जत तालुक्यातून उल्हास व पेज, तर खालापूरमधून पाताळगंगा या नद्या वाहतात. पूर्वेस सह्याद्रीची भिंत व पश्चिमेस माथेरानचे पठार असून वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी. हून अधिक आहे. भात हे मुख्य पीक होय. लोकवस्तीत आगरी, कुणबी, मराठा इ. समाजांबरोबर ठाकर, कातकरी व महादेव कोळी या आदिवासी जमाती आहेत. १९१५ मध्ये खोपोलीस टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाल्यानंतर व पुढे कारखाने आल्यानंतर खोपोलीस औद्योगिक गावाचे रूप आले. कर्जत हे रेल्वेचे महत्त्वाचे स्थानक बनले. डोंगरउतारावरील वाड्या-पाडे मात्र दीर्घकाळ रस्त्यांपासून व शाळांपासून दूर राहिले. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल (१९१२–४३) यांनी कर्जत तालुक्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी स्वयंसेवी शाळा काढल्या, त्या या उणिवेच्या जाणिवेतूनच. बेचाळीसच्या लढ्यात २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले.

येथील खेळांचे वेळापत्रक पावसाने व भाताने ठरविले. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हाच पाऊस सुरू होतो. आश्विनाअखेर शाळेचे पटांगण चिखलाने वा गवताने भरलेले असते आणि गावातील सपाट जमीन भातपिकाखाली असते. कापणी व झोडणी आटोपली, की मोकळ्या झालेल्या शेतात मुलांना मैदान मिळते. तेथे कबड्डी, लंगडी व खोखो यांचे डाव रंगतात आणि जत्रा-उरुसांच्या दिवसांत गावोगाव कबड्डीचे सामने होतात. शालेय क्रीडास्पर्धांचे तालुका पातळीवरील सामने मात्र बहुधा शैक्षणिक वर्षाच्या पूर्वार्धात उरकले जातात, कारण त्यांतून जिल्हा, विभाग व राज्य पातळीवरील संघ निवडायचे असतात. परिणामी कोकणच्या या भागातील विद्यार्थ्याची निवड ज्या काळात होते, त्याच काळात त्याला सरावाची जागा नसते. जागा मिळते तेव्हा स्पर्धा संपलेली असते. देशावरील कोरड्या प्रदेशास सोयीचे वेळापत्रक सर्व राज्याला लावल्याने ही विसंगती निर्माण झाली आहे.

पावसाळ्यातील महिन्यांत ओसरीवर किंवा वर्गखोलीत करता येण्याजोगा व्यायाम म्हणून योगासनांचा व सूर्यनमस्कारांचा उपयोग या भागात विशेष होतो. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून पाळला जातो. कोकणात तो भर पावसात येत असल्याने तेथील शाळा तो छपराखाली पाळतात.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय पातळीवर अनेक योजना एकामागून एक आल्या. १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला. १९५४ मध्ये आझाद हिंद सेनेतील सेनानी व सिंधुदुर्ग परिसरातील तिरोड्याचे सुपुत्र जगन्नाथराव भोसले यांनी निर्वासितांच्या मुलांमध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. त्याच वर्षी शालेय स्पर्धांसाठी अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. एकाच शाळेत अनेक योजना परस्परांत गुंतल्याने १९५९ मध्ये हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली व तिच्या शिफारशींनुसार १९६५ मध्ये राष्ट्रीय सुस्थिती दलाचा (नॅशनल फिटनेस कोअर) एकत्रित कार्यक्रम आला. कोठारी आयोग (१९६४–६६) व १९६८ आणि १९८६ ची राष्ट्रीय शैक्षणिक धोरणे यांनी शारीरिक शिक्षण हे शिक्षणाचे अविभाज्य अंग असल्याचा पुनरुच्चार केला. योजनांची नावे बदलत गेली, तरी शाळेपर्यंत पोहोचले ते बव्हंशी दोनच घटक : सकाळच्या प्रार्थनेनंतरची कवायत आणि आठवड्याच्या वेळापत्रकातील खेळाचे तास.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्यानंतर केंद्र, तालुका व जिल्हा अशा चढत्या पायऱ्यांनी प्राथमिक शाळांचे क्रीडामहोत्सव होऊ लागले. धावणे, लांब उडी, लंगडी, खोखो, कबड्डी व लेझीम हे त्यांतील नेहमीचे प्रकार होत. पाड्यावरच्या मुलाला दुसऱ्या गावातील मुलांशी बरोबरीच्या नियमांनी सामना देण्याची पहिली संधी बहुधा अशा महोत्सवातच मिळते. १५ ऑगस्ट व २६ जानेवारीचे संचलन, त्यातील लेझीम, झांजा, डंबेल्स व मनोरे यांमुळे गावाचेही लक्ष शाळेकडे वेधले जाते. लेझीम हा प्रकार संगीत, ताल व व्यायाम यांचा मिलाफ असल्याने मुलांना व मुलींना एकत्र घेता येतो.

श्रम आणि शारीरिक शिक्षण : शेतावर राबणाऱ्या, गुरे राखणाऱ्या व डोंगर चढून शाळेत येणाऱ्या मुलाला व्यायामाची गरज काय, असा आक्षेप ग्रामीण भागात सतत घेतला गेला. तो वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु श्रम व शारीरिक शिक्षण यांत फरक आहे. श्रमात शरीराच्या ठराविक भागांवर पुनःपुन्हा ताण पडतो, कामाचा वेग दुसरा ठरवितो व त्यात मुलाच्या इच्छेला स्थान नसते. खेळात सर्वांगाला चालना मिळते, नियम सर्वांना सारखे असतात आणि हरणे-जिंकणे दोन्ही शिकावे लागते. चढाई करणारा मुलगा दम धरून क्षणात निर्णय घेतो. खो देणारी मुलगी स्वतःचे स्थान सोडून दुसरीला पळण्याची संधी देते. श्रमाच्या वाट्याला लहानपणीच आलेल्या मुलाला हा अनुभव केवळ शाळाच देऊ शकते.

या संदर्भात कातकरी मुलांचा प्रश्न विशेष कठीण आहे. पावसाळा संपल्यावर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर कामासाठी स्थलांतर करतात आणि पाऊस सुरू होण्याच्या सुमारास परततात. म्हणजे मैदाने मोकळी होतात त्याच वेळी ही मुले गाव सोडून गेलेली असतात. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांना हे नुकसान सोसावे लागत नाही. या तालुक्यांतील शासकीय आश्रमशाळा पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कक्षेत येतात व त्यांच्याही प्रकल्पपातळीवर स्पर्धा होतात. डोंगरी जीवनातून आलेली दमदारी योग्य मार्गदर्शनाने किती फुलू शकते, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांचे आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात त्यांनी ब्राँझपदक मिळविले. तथापि असे यश हा अपवाद असतो. कर्जत तालुक्यातील आदिवासी वाड्यांमध्ये बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न वारंवार पुढे आला आहे आणि अर्धपोटी मुलाकडून व्यायामाची अपेक्षा करणे अन्याय्य होय. त्यामुळे १९९५ मध्ये सुरू झालेली शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना व २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेल्या अन्नाची झालेली व्यवस्था या गोष्टी शारीरिक शिक्षणाच्या इतिहासाचाच भाग मानल्या पाहिजेत.

मुलींच्या बाबतीत अडचणी वेगळ्या होत्या. घरकाम, पोशाख, ऋतुकाळाविषयीचा संकोच व सामन्यासाठी परगावी जाण्यास घरच्यांचा विरोध यांमुळे माध्यमिक इयत्तांत त्या मैदानाबाहेर राहत. शाळेच्या आवारातच खेळता येणारे खोखो व लंगडी हे खेळ त्यांना तुलनेने लवकर खुले झाले, कबड्डी त्यानंतर. बरोबर येणारी शिक्षिका व शाळेत स्वच्छतागृह असणे या दोन साध्या गोष्टींवर मुलींचा संघ उभा राहणे वा न राहणे पुष्कळदा अवलंबून असते.

स्पर्धा, गुण व मैदान : माध्यमिक शालान्त परीक्षेला महत्त्व आल्यानंतर लेखी परीक्षा नसलेल्या या विषयाचा तास गणित-इंग्रजीच्या जादा तासांकडे वळविण्याची प्रथा पडली. यावर उपाय म्हणून विषयाला श्रेणी व मूल्यमापन देण्यात आले आणि विशिष्ट पातळीवरील स्पर्धांत प्रावीण्य मिळविणाऱ्यांना शालान्त परीक्षेत सवलतीचे गुण ठेवण्यात आले. त्यामुळे पालकांची आस्था वाढली, पण शाळांचे लक्ष थोड्या खेळाडूंच्या संघाकडे एकवटले. सात खेळाडूंच्या संघासाठी उरलेला वर्ग प्रेक्षक बनतो, ही टीका या पद्धतीवर होते. खेळ सर्वांसाठी की निवडकांसाठी, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला.

२००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने शाळेसाठी क्रीडांगण व खेळसाहित्य आवश्यक ठरविले. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूदही त्यात आहे. वाडीवरच्या छोट्या शाळेची पटसंख्या एवढी नसते, म्हणून निदेशकाचा लाभ तिला मिळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासविषय व खेळ यांतील भेद कमी करण्याचे तत्त्व मांडले. त्याची कसोटीही अशा लहान शाळांतच लागणार आहे.

जमिनीचा प्रश्न अलीकडे अधिक तीव्र झाला आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये खालापूर तालुक्यातून पूर्णपणे खुला झाला. कर्जत, नेरळ, चौक व खोपोली परिसरात गृहसंकुले, शेतघरे व कारखाने वाढले. ज्या भातखाचरांत कापणीनंतर मुले विनामूल्य खेळत, त्यांतील अनेकांना कुंपणे पडली. शाळेच्या मालकीचे मैदान पूर्वी अपुरे असले, तरी गावाचे मोकळे शेत ती उणीव भरून काढी. तो आधार कमी झाल्याने शाळेच्या आवाराचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

मूल्यमापन : कर्जत-खालापूरच्या अनुभवावरून असे दिसते, की शारीरिक शिक्षणाविषयीच्या विचारांची महाराष्ट्रात उणीव कधीच नव्हती. देशी खेळांची नियमबद्ध रचना, योगाचे शास्त्रीय संशोधन व शिक्षकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था या तिन्ही बाबतींत महाराष्ट्राने पुढाकार घेतला आणि त्यांतील दोन महत्त्वाची केंद्रे लोणावळा व कांदिवली या परिसरापासून फार दूर नाहीत. उणीव राहिली ती विचार व पाडा यांमधील शेवटच्या टप्प्यात : प्रशिक्षित शिक्षक, सपाट जागा, पोटभर अन्न आणि स्थानिक ऋतुमानाशी जुळणारे वेळापत्रक यांत. या चार गोष्टींपैकी वेळापत्रक बदलण्यास खर्च लागत नाही. शालेय जीवनातील खेळाचे यश पदकांच्या संख्येवरून मोजले जाते. परंतु त्याचे खरे माप, संघात निवड न झालेल्या मुलामुलींना आठवड्यातून किती तास मोकळेपणी खेळायला मिळाले, हेच होय.